विचारा की काकूंना: सोळा दिवस आणि बावीस घरं

दिवाळीचे डबे घासून पालथे घातले की मला मेल यायला लागतात, दरवर्षीचं आहे हे. सगळे परदेशातले. तिकिटं काढून झालेली असतात, डिसेंबरात कोल्हापूरला यायचं पक्कं असतं आणि मग एकेकाला प्रश्न आठवायला लागतात. तिकीट काढायच्या आधी कुणी विचारत नाही ते एक बरं, नाहीतर दोघा-तिघांना तरी मी "यंदा राहू दे, मे महिन्यात आंब्याला या" असं सांगितलं असतं. तर या अंकात सगळी जागा त्यांना. गुडघे, सुना आणि सोसायटीचं पार्किंग पुढच्या अंकात बघू.

काकू, आम्ही लेस्टरला असतो, मी, नवरा आणि दोन मुलं, नऊ आणि पाच वर्षांची. माझं माहेर शिवाजी पेठेत, सासर सांगलीला, नणंद पुण्यात. मुलांना १८ डिसेंबरला सुट्टी लागते आणि ४ जानेवारीला शाळा, म्हणजे प्रवास धरून सोळा दिवस. मागच्या वेळी मी मोजलं, बावीस घरी चहा प्यायलो. आईच्या घरी मी फक्त झोपायला होते. परत जाताना विमानात बसले आणि जे रडू यायला लागलं ते थांबेचना, शेजारच्या बाईनं टिश्यू दिला. नवरा म्हणतो यंदा शाळेला आठ दिवस दांडी मारू म्हणजे निवांत होईल. मारू का?

आधी दांडीचं बघू, ते सोपं आहे. इंग्लंडात शाळा चालू असताना पोरांना सुट्टीवर नेलं आणि पाच दिवस बुडाले की दंड येतो, एका मुलामागं एका पालकाला ८० पौंड, तेही २१ दिवसांत भरले तर, नाहीतर १६०. तुम्ही दोघं आणि पोरं दोन म्हणजे कमीत कमी ३२० पौंड झाले की. तीन वर्षांच्या आत परत तसंच केलं तर थेट १६०, सवलत नाही. आता ज्याला परवडतंय त्यानं भरावेत, पण मला सांग, आठ दिवस वाढले तर होणार काय? बावीसची तीस घरं होतील.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी कॅनडात असते. ती आली होती त्या वर्षी बहिणीनं दोन किलो ओल्या पावट्याच्या शेंगा आणल्या, दोन दिवस टीव्हीसमोर बसून सोलल्या आणि दाणे स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवले, पोरीला पावट्याची आमटी आवडते म्हणून. पोरगी रोज सकाळी आंघोळ करून चॉकलेटची पिशवी घेऊन रिक्षात बसायची, आज राजारामपुरी, उद्या फुलेवाडी, परवा कदमवाडी, आणि रात्री नऊला घरी येऊन "आई, पोट फुल्ल आहे गं, सगळीकडं पोहे". एका दिवशी सहा घरचे पोहे खाल्ले होते तिनं. पाचव्या दिवशी बहिणीनं डबा उघडला तर दाणे बुळबुळीत झालेले. बहीण काही बोलली नाही, दाणे टाकले, डबा धुऊन ठेवला. मी तिथंच होते म्हणून मला माहिती, पोरीला अजून माहिती नाही, आता हे वाचून कळलं तर कळू दे.

तेव्हा तू असं कर. २७ डिसेंबरला रविवार आहे. सकाळी नऊ ते एक, आईच्या घरी, सगळ्यांना निरोप आत्ताच देऊन टाक, "आम्ही घरी आहोत, मिसळ खायला या". कट, फरसाण, पाव सगळं बाहेरून आणायचं, आईला ओट्यापाशी उभं करायचं नाही. जे येतील त्यांच्याशी पोटभर बोल. जे येणार नाहीत ते फुगतील, फुगू देत, तू त्यांच्या घरी गेली असतीस तरी "दहाच मिनिटं बसली" म्हणून ते फुगलेच असते. आपण कुठं जायचं तर ज्या घरी वर्षभरात माणूस गेलंय तिथं, जिथं कुणी अंथरुणाला खिळलंय तिथं, आणि जिथं बाळ झालंय तिथं. एवढी तीन-चारच निघतील बघ. दुःखाला भेटायला गेलीस तर चॉकलेटची पिशवी घरी ठेवून जा, हे सांगायला लागू नये पण मी बघितलंय म्हणून सांगते.

सांगलीचं आत्ताच कागदावर मांडा. तास-दीड तासाचं अंतर आहे म्हणून लोक रोज ये-जा करतात आणि ना धड इकडं ना धड तिकडं, पोरं गाडीत पेंगतात. सलग चार दिवस सांगलीला जाऊन राहा, सगळे मिळून, आणि ते सासूबाईंना नवऱ्यानं सांगायचं, तू नाही. सून म्हणाली "चार दिवस" तर ते कमी वाटतात आणि मुलगा म्हणाला "चार दिवस" तर ते अख्खे चार वाटतात, आता असंच आहे आपल्याकडं. नणंदेचं पुणं मुंबईच्या वाटेवरच पडतंय, जाताना एक रात्र तिच्याकडं. आणि येताना विमानातनं उतरून लगेच रात्री कार करून निघू नका, हायवेला कुठं ना कुठं काम चालूच असतंय, डायव्हर्शनं असतात, ड्रायव्हर पण पेंगलेला असतो. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मुंबईतनं निघते आणि सकाळी कोल्हापुरात सोडते, पण रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमच्या तारखांचं ऑक्टोबरातच उघडलं. वेटिंग दाखवत असेल तर मुंबईत एक रात्र झोपा आणि दिवसाउजेडी या.

उरलेल्या दिवसांतले दोन दिवस कोरे ठेव. कोरे म्हणजे कोरे, "बघू कुठंतरी जाऊ" असले नव्हे. आणि एक दिवस पोरांना गुऱ्हाळावर ने. पन्हाळा, करवीर, कागलच्या बाजूला अजून पेटतात गुऱ्हाळं, पूर्वीइतकी नाहीत, ऊस कारखान्याला जातो, पण ओळखीतल्या कुणाचं तरी असतंच. पोरांचा हात धरून रस उकळायच्या त्या मोठ्या काहिलीपासून चार हात लांब उभी राहा आणि नुसतं बघू दे त्यांना. खाली चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस वेगळा, वर उकळत्या रसावरची मळी काढणारा वेगळा, रस साफ व्हायला त्यात रानभेंडीचं चिकट पाणी सोडतात, आणि मग गुळव्या मधनंच थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी चेपून बघतो, गोळी जमली की "उतरवा" म्हणतो, त्याच्याकडं ना थर्मामीटर ना घड्याळ. मग चौघं-पाचजण मिळून ती धगधगती काहील वाफ्यात ओततात तेव्हा जो वास सुटतो ना, तो तिकडच्या कुठल्या दुकानात बाटलीत मिळत नाही. त्याचेच पुढं तीस-तीस किलोचे रवे, म्हणजे ढेपा होतात, शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवली ती ह्याच गुळाच्या व्यापारासाठी, २०१४ ला कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. थोरल्याला सांग हे, नऊ वर्षांचं पोरगं ऐकेल. धाकट्याला काही सांगू नको, भाकरीवर गरम काकवी घालून दे आणि तोंड पुसायला रुमाल घेऊन बस.

आणि आईला पण घेऊन जा गं गुऱ्हाळावर. ती "मी कशाला, तुम्हीच जाऊन या" म्हणेल. तिचं ऐकू नको.

काकू, दोहाहून. तीन वर्षांनी येतोय. ३१ डिसेंबरला गुरुवार आलाय आणि आई म्हणते मार्गशीर्ष आहे, घरात मटण शिजणार नाही. काहीतरी करा.

मी काय करू बाबा, पंचांग माझ्या हातात नाही. यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेला त्यामुळं सगळंच पुढं सरकलंय, मार्गशीर्ष ९ डिसेंबरला लागतो तो ७ जानेवारीपर्यंत. गुरुवार कुठले येतात बघ, १०, १७, २४, ३१ आणि ७. म्हणजे नाताळची आदली रात्र पण गेली आणि थर्टी फर्स्ट पण गेली. २३ ला बुधवार आहे म्हणून खूश झाला असशील तर त्या दिवशी दत्त जयंती. जा की वाडीला, नरसोबाचं दर्शन घे, बासुंदी खा, काही वाईट होत नाही.

रात्री बारा वाजता गुरुवार संपला आणि शुक्रवार लागला असं आईला सांगायला जाऊ नको. मागं आमच्या भाच्यानं तो प्रयत्न केला होता. आपला वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळाला नाही, आणि हे तुझ्या आईला तुझ्यापेक्षा चांगलं माहितीय. ३० तारखेला बुधवार आहे, त्या दिवशी तांबडा-पांढरा दोन्ही करायला सांग, पण आधी विचारून घे की आई नुसते गुरुवार पाळते का अख्खा महिना, कारण अख्खा महिना पाळत असेल तर आपलं बोलणं इथंच संपलं. मग मित्राच्या घरी जेव आणि येताना तोंड धुऊन ये.

न्यूकॅसलहून: मुलगी तीन वर्षांची, पहिल्यांदाच भारतात येतेय. मागे जाऊबाईंची मुलं दहातले सात दिवस आजारी होती. काय काळजी घेऊ? आणि तिच्या झोपेचं काय?

मी डॉक्टर नाही, तुमच्या तिकडच्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, आजच फोन कर. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए ह्या दोन्ही लसी तुम्हाला तिकडं मोफत मिळतात, टायफॉइडची इंजेक्शनवाली दोन वर्षांवरच्या पोरांना देतात आणि प्रवासाच्या दोन आठवडे तरी आधी झालेली असली पाहिजे, म्हणजे दिवस राहिलेत किती ते मोज. "आपण तर नळाचं पाणी पिऊन वाढलो" हे वाक्य तुला इथं दिवसातनं चारदा ऐकायला मिळेल. आपण वाढलो, ती नाही वाढली तिथं, तिचं पोट तिकडचं आहे. पाणी उकळून गार केलेलं, बर्फ नाही, ओआरएसची पाकिटं पर्समध्ये. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आजोबा तिला हौसेनं नेतील आणि म्हशीचं धारोष्ण दूध समोर धरतील, तिथं मन घट्ट कर, न्यायला हरकत नाही, म्हैस बघू दे, दूध घरी आणून तापवून दे.

झोपेचा हिशोब असा की हिवाळ्यात तुम्ही आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असता. ती तिथं नऊला झोपत असेल तर इथं मध्यरात्री अडीचपर्यंत टक्क जागी राहणार, पहिले तीन-चार दिवस हे होणारच. सकाळी मात्र दहापर्यंत झोपू देऊ नको, आठला उठवून रंकाळ्यावर ने, ऊन अंगावर पडलं की गाडी लवकर रुळावर येते. आजी "झोपू दे गं लेकराला" म्हणून मधे पडेल. आजीला रात्री अडीचची ड्यूटी लाव, दुसऱ्या दिवशी तीच उठवायला येईल.

अजून एक, पोरीचा ब्रिटिश पासपोर्ट नवीन काढलेला असेल तर तो ओसीआय कार्डाच्या (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या लोकांना मिळतं ते) पोर्टलवर चढवलाय का बघ, नवीन पासपोर्ट हातात आल्यापासून तीन महिन्यांत चढवायचा असतो. लोक विसरतात.

ताई, मी मंगळवार पेठेत राहते. मुलगा न्यू जर्सीला आहे, दरवर्षी डिसेंबरात तीन आठवडे येतो, सून आणि नातू पण. आम्ही दोघं दोन महिने आधीपासून तयारीला लागतो, गाद्यांना ऊन दाखवणं, रंग, गेल्या वर्षी तर वरच्या मजल्यावर कमोड बसवून घेतला. आणि तो येऊन रात्रभर लॅपटॉपवर असतो, दुपारी उठतो, आणि उठला की चुका काढतो. ही वायरिंग डेंजर आहे, मोरीत हँडल बसवा, जिन्यात कॅमेरा लावा, हे घर विकून लिफ्टवाला फ्लॅट घ्या. ह्यांनी गेल्या वर्षी तोंडातनं शब्द काढला नाही, पण परवा फोन झाल्यावर म्हणाले, "यंदा नाही आला तरी चालंल." मला रात्रभर झोप लागली नाही.

अहो ताई, आधी त्याच्या रात्रीचं. तिकडं नऊ ते पाच ऑफिस म्हणजे आपल्याकडं संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेतीन. तुम्ही पानं वाढता त्याच टायमाला त्याचं ऑफिस उघडतं. अमेरिकेत पगारी सुट्टी द्यायची देशभर लागू अशी कायद्यानं सक्ती नाही, बहुतेक ठिकाणी कंपनी देईल तेवढी. तीन आठवडे सलग आई-बापाकडं राहायचं तर तो थोडी सुट्टी घेत असणार आणि बाकीचे दिवस रात्रपाळी करत असणार. तेव्हा रात्रीच्या जेवणासाठी त्याची वाट बघत बसू नका, भाकरी गार होते, तुमचं बीपी वाढतंय. दुपारी दोनला मोठं जेवण ठेवा, तेव्हा तो जागा असतो, त्याला भूक असते, नातू पण असतो. संध्याकाळी सातला आपलं दूध-भात खाऊन तुम्ही मोकळ्या.

आता चुकांचं. तुम्ही जिन्याच्या त्या पायऱ्या रोज चढता, त्यामुळं तुम्हाला कळत नाही की पूर्वी हात न धरता चढायच्या आणि आता भिंतीला हात लावून चढता. त्याला ते वर्षातनं एकदा, एकदम दिसतं. त्याला तिथं बसून रात्री काय दिसत असेल, मोरीत घसरलेली आई दिसत असेल. ते त्याला सरळ बोलता येत नाही म्हणून वायरिंगवर राग काढतो. मोरीतल्या हँडलचं त्याचं बरोबर आहे, ते बसवाच, आणि तो यायच्या आधी बसवू नका, त्याला बसवू दे. ड्रिल आणायला तो स्वतः जाऊ दे, प्लंबर शोधू दे, भाव करू दे. वायरमन पण त्यानंच बोलवायचा. गॅसचा नंबर लावणं, लाइट बिल, ह्यांच्या चष्म्याचं दुकान, सगळी कामं त्याच्यासाठी राखून ठेवा. तुम्ही सगळं आवरून, रंग देऊन, नवी चादर घालून बसता आणि तो लॉजवर आल्यासारखा येतो, मग बसल्या बसल्या माणूस दुसरं काय करणार. यंदा रंग नको. नवी ब्लँकेटं पण नकोत. माळ्यावरची जुनी वाकळ धुऊन ठेवा, बघा तो कुठली अंगावर घेतो.

घर विकायचा विषय मात्र त्या तीन आठवड्यांत बंद, असं तुम्ही स्पष्ट सांगा. सांगायचंच. त्यासाठी फोन आहे, वर्ष पडलंय.

आणि ह्यांचं. ताई, ते घर त्यांनी कसं बांधलं तुम्हाला माहितीय, कर्ज किती वर्षं फेडलं, कुठल्या दिवाळीला कपडे घेतले नाहीत, ते सगळं तुम्हाला माहितीय पण मुलाला माहितीय का? त्या घराला तो "डेंजर" म्हणतो तेव्हा ह्यांना ते कुठं लागत असेल. "नाही आला तरी चालंल" ह्याचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको, इतकी वर्षं संसार केलाय तुम्ही त्यांच्याबरोबर. बापलेक समोरासमोर खुर्च्यांवर बसले की भांडणारच. दोघांना एका स्कूटरवर बसवा, संध्याकाळी सहाला, लॅपटॉप उघडायच्या आधी, दूध आणायला पाठवा. ह्यांना मागं बसवा. जाताना-येताना काय बोलतात ते विचारू नका.

नातवाला मराठी येत नाही असं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, ते जागेअभावी वर छापलं नाही. येईल. त्याला पेठेतल्या पोरांबरोबर बोळात क्रिकेट खेळायला सोडा, पहिल्या दिवशी "आउट नाही" म्हणायला शिकेल.

सिंगापूरहून: २४ डिसेंबरला रात्री पोचतो, ३ ला परत. बँकेत माझं जुनं सेव्हिंग खातं आहे आणि बाबांच्या खात्याला नॉमिनी लावायचाय. होईल का तेवढ्यात?

२५ ला नाताळ, २६ ला चौथा शनिवार, २७ ला रविवार. तीन दिवस बँकेचं शटर बंद. सोमवारी २८ ला सकाळी दहाला दारात उभा राहा, २९ वर ढकलू नको, कारण एका फेरीत आपल्याकडं काही होत नाही, एक झेरॉक्स राहिलेलीच असते. तू परदेशी राहायला गेलास तेव्हाच ते साधं खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं खातं, करून घ्यायला पाहिजे होतं, नियम आहे तो, आता करून घे. पासपोर्ट, तिकडचा व्हिसा किंवा पास, तिकडच्या पत्त्याचा पुरावा आणि पॅन, सगळ्याच्या तीन-तीन प्रती आधीच काढ. नॉमिनीसाठी बाबांना बरोबर घेऊन जा, सही त्यांची लागते, आणि त्यांची सही आता जुन्या सहीशी जुळत नसेल तर ते पण तिथंच निस्तरता येतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, त्यामुळं तू का ताई हा घरातला वाद मिटला असं समज. बाबांना पाण्याची बाटली आणि बसायला खुर्ची मिळेल एवढं बघ, बाकी तू उभा राहा.

आणि ओटीपी ज्या भारतातल्या नंबरवर येतो त्याचं रिचार्ज बंद पडू देऊ नको. सगळं इथंच अडतं.

मेलबर्नहून: परत येताना कांदा-लसूण चटणी, काकवी, वाडीचे पेढे, चपला असं सगळं आणायचंय. एअरपोर्टवर अडवतील का?

ऑस्ट्रेलियावाले सगळ्यात कडक गं. खाण्याचं जे जे आहे ते फॉर्मवर डिक्लेअर करायचं, काही लपवायचं नाही, लपवलेलं सापडलं तर मोठा दंड लावतात, डिक्लेअर केलेलं फार तर काढून घेतात. दुधाची मिठाई तिथं जमत नाही, तेव्हा पेढे विसर. इंग्लंडच्या लोकांनी पण हे वाचून ठेवा, इकडनं मांस आणि दुधाचे पदार्थ तिकडं न्यायला बंदी आहे. चटणी बाजारातली सीलबंद घे, लेबल असलेली, घरची कितीही चांगली असली तरी प्लास्टिकच्या पिशवीतली लाल पूड बघून तो ऑफिसर काय समजेल सांगता येत नाही. काकवीची बाटली चेक-इन बॅगेत, तीन पिशव्यांत गुंडाळून. माझ्या मैत्रिणीची फुटली होती, तिच्या बॅगेतली साडी अजून गोड लागत असेल.

चपला ने, पण घातलेल्या असतील तर तळ घासून माती काढ, चामडं आहे म्हणून त्या पण डिक्लेअर कर. नवीन घेणार असशील तर आल्या आल्या पहिल्या आठवड्यात घे, शेवटच्या दिवशी नाही. चार दिवस घरात घालून, तेल लावून पायाला बसवायच्या असतात त्या, अंगठा सोलवटतो पहिल्यांदा. मिलानच्या रॅम्पवर २०२५ ला प्राडानं तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे किती भांडलो, पण त्यातल्या किती जणांनी त्या वर्षी आपल्या कारागिराकडनं जोड घेतला हे मला विचारायचं होतं, राहून गेलं.

दुबईहून: काकू, मी आलो की मित्रांना वेळ नसतो. पूर्वी पाच मिनिटांत कट्टा भरायचा, आता "भेटू की भावा" म्हणतात आणि गायब. माझं काही चुकतंय का?

तुला सुट्टी आहे, त्यांना नाही, एवढंच झालंय. एकाचं दुकान आहे, एकाच्या पोराची परीक्षा आहे, एकाच्या वडिलांचं डायलिसिस असेल आणि तुला सांगितलं नसेल. त्यांना हॉटेलात बोलवू नको, बिल तू देणार म्हणून पण काहीजण टाळतात, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. ते जिथं असतात तिथं तू जा. दुकानात जाऊन स्टुलावर बस, गिऱ्हाईक आलं की गप्प बस. आणि थंडीत शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम असतो, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस असे आपले संघ, ज्या तालमीचा तू असशील त्या तालमीची मॅच बघून ठेव आणि फोन न करता सरळ गॅलरीत जाऊन बस. निम्मे तिथंच सापडतील, आणि पंच कसा आंधळा आहे ह्यावर नव्वद मिनिटं बोलता येतं, त्यात दुबईचा पगार विचारायला कुणाला वेळ होत नाही.

काकू, आम्ही बासेलला असतो. माझं माहेर कोल्हापूर, सासर पुणे. मुलगी सात वर्षांची. मागच्या हिवाळ्यात कोल्हापुरात दहा दिवस राहिली आणि "मी जातो, मी खातो, मी झोपलो" असं बोलायला लागली. पुण्याला सासूबाईंना ते ऐकून धक्काच बसला, त्या म्हणाल्या पोरीचं मराठी बिघडलं. यंदा पुण्याला आधी जाऊ का म्हणजे निदान सुरुवात चांगली होईल?

बिघडलं? अगं बासेलला जन्मलेली पोरगी दहा दिवसांत आजीसारखी बोलायला लागली, ह्याला बिघडलं म्हणतात होय? तिनं ते पुस्तकातनं नाही उचललेलं, आजीच्या, मामीच्या, शेजारच्या पोरींच्या तोंडातनं उचललंय. आमच्याकडं बायका अशाच बोलतात, माझी आई बोलायची, मी बोलतो. ह्या सदरात तुम्हाला "मी म्हणाले, मी गेले" दिसतं ते संपादकांचं काम आहे, मी कागदावर "मी गेलो" असंच लिहून पाठवतो आणि ते दर महिन्याला दुरुस्त करतात. ह्या एका उत्तराला हात लावू नका म्हणून त्यांना फोन करून सांगितलंय.

पुण्याला आधी जा नाहीतर नंतर जा, तुमच्या तिकिटाच्या सोयीनं. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून एक कर, पोरीला सांग की पुण्याच्या आजीकडं "मी जाते" आणि कोल्हापूरच्या आजीकडं "मी जातो". तिकडं ती जर्मन बोलत असेल, शाळेतली वेगळी आणि रस्त्यावरची स्विस वेगळी, तिला दोन मराठीचं काय ओझं होणार आहे. आणि सासूबाईंना एकदा घेऊन या की कोल्हापूरला, चार दिवस राहू देत, बघू कोण कुणाचं बिघडवतंय.

बरं, गॅसवर दूध ठेवलंय. मी जातो.